सोडाबाईचे सहाशे झेंडे

तिला सगळे सोडाबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण तिची पाठ वळली की सोडाबाई. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. नवरा घर सोडून गेला त्या वर्षी एक बादली आणि सोड्याची पुडी घेऊन ती दारोदार धुणी धुवायला लागली, तेव्हापासून पंचवीस वर्षं हात सोड्यात होते. नखांच्या कडा कायमच्या पांढऱ्या झाल्या होत्या, तळव्यावरच्या रेषा पुसट. एकदा बँकेत यंत्रावर अंगठा ठेवायची वेळ आली, तर यंत्र तिला ओळखेना. कारकून पुन्हापुन्हा अंगठा पुसायला लावू लागला. ती म्हणाली, "अहो, माझा ठसा लोकांच्या चादरींवर गेलाय, तिकडे शोधा."

एका बादलीच्या दोन झाल्या, बादल्यांचं टाकं झालं, टाक्यावर पत्रा आला. मग कुणाच्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून एक जुनं धुलाई यंत्र आलं, आणि बघता बघता त्या पत्र्याच्या जागी लांबलचक दालन उभं राहिलं. आता तिथे चार यंत्रं होती, वाफेचा बॉयलर होता, इस्त्रीचे दोन मोठे रोलर होते आणि तेवीस माणसं होती. मोठ्या दवाखान्याच्या चादरी, दोन हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, एका शाळेचे पडदे, सगळं इथे यायचं. सकाळी दार उघडलं की आतून ओल्या कापडाची गरम वाफ अंगावर यायची. नव्या माणसाला घुसमटल्यासारखं व्हायचं. सोडाबाईला मात्र ती वाफ अंगावर घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

हे सगळं तिने स्वतःच्या हिमतीवर केलं, असं लोक म्हणत. तीही म्हणे. ते खोटं नव्हतं. फक्त त्यात पाण्याची गोष्ट राहून जायची.

अकरा वर्षांपूर्वी मोठं यंत्र आणलं तेव्हा त्याला पुरेल एवढं पाणीच येईना. सात महिने ती पाणी खात्याच्या कार्यालयाचे जिने चढली आणि उतरली. साहेब जेवायला गेलेत, साहेब बैठकीत आहेत, साहेबांची बदली झाली. शेवटी कुणाच्या तरी ओळखीने ती पक्षाच्या कचेरीत गेली. तिथला चिटणीस गोड बोलणारा माणूस. त्याने अर्ज वाचलाही नाही. "ताई, एवढंच ना?" म्हणाला. आठ दिवसांत रस्ता खणला गेला आणि जाडजूड नळ तिच्या भिंतीपर्यंत आला.

तेव्हापासून दरवर्षी ती पक्षाला देणगी देई. लपूनछपून नाही, रीतसर. पावतीही मिळे. पण ती पावती टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात जाई आणि त्या खणाला कुलूप असे. कारण असं, की खणलेला रस्ता तिच्या भिंतीशीच थांबला होता. दालनाच्या मागे जी गल्ली होती, जिथे तिची निम्म्याहून जास्त माणसं राहात, ती जुन्या बारीक नळावरच राहिली. गल्लीने मतं दुसरीकडे दिली म्हणून गल्लीला पाणी नाही, असं गल्लीतली माणसं म्हणत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की पक्षाचा उद्धार सुरू होई. सोडाबाई तेवढ्यापुरती कागदात डोकं घाली. कुणी विचारलंच तर म्हणे, "मी बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात."

संध्याकाळी काम सुटताना प्रत्येकाने दोन कॅन पाणी भरून घरी न्यावं, अशी मुभा तिने दिली होती. बायका म्हणत, "बाईंमुळे आमच्या घरात पाणी आहे." हे वाक्य कानावर पडलं, की तिला उगाचच काहीतरी शोधायचं आठवे आणि ती आत निघून जाई.

त्या वर्षी चिटणीस स्वतः आला. हातात हार नाही, पावतीपुस्तक नाही. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "ताई, यंदा देणगीचं मागाहून बघू. एक घरचं काम आहे. सभेनंतर सहाशे झेंडे धुळीने माखून पडलेत. मंगळवारी मोठे साहेब येतायत. एवढे धुऊन द्या. बाहेर कुणाला सांगायची तशी सोय नाही."

"माझ्या माणसांना सांगायचीही नाही," ती म्हणाली.

चिटणीस हसला. "ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही तर आपल्याच."

पक्षाचा झेंडा जांभळा. रविवारी दालन बंद असे. सोडाबाई सकाळी एकटीच आली, दार आतून लावलं, पदर खोचला आणि गाठोडी फोडली. किती वर्षांनी तिने स्वतः यंत्र भरलं असेल! एरवी यंत्र चालवत ते मामा; सगळेच त्यांना मामा म्हणत. पण हात विसरले नव्हते. सोडा किती, पाणी किती गरम, ढोल किती भरायचा, सगळं हातांना पाठ. रिकाम्या दालनात एकाच यंत्राची घरघर चालू होती, वरच्या झरोक्यांतून उन्हाच्या पट्ट्या वाफेत उतरत होत्या, आणि आपण चोरून आलोय हे विसरून ती चक्क गुणगुणू लागली. तेवीस माणसांची मालकीण होण्याआधी ती जी होती, ती तिला त्या सकाळी पुन्हा भेटली.

शेवटची खेप वाळून घड्या होत होत्या तोच बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चिटणीसाची गाडी तासभर आधीच आली होती. भोंगा ऐकून गल्लीतलं कुणी डोकावेल, या धास्तीने तिने धावपळीने गठ्ठे बाहेर काढून दिले, दिवे मालवले, कुलूप घातलं आणि घर गाठलं.

तिच्याच दालनात तिनेच घातलेला एक दंडक होता. रंगीत कापड धुतलं की यंत्राचा एक फेरा कापडाशिवाय, नुसत्या कढत पाण्यावर फिरवायचा. म्हणजे ढोलाच्या कडेला, रबरात अडकून राहिलेला रंग वाहून जातो. याला रिकामा फेरा म्हणत. तो लावल्याशिवाय पांढरं आत घालायचं नाही. हा नियम तिने माणसांच्या डोक्यात इतका भिनवला होता, की नवी आलेली बाईही पहिल्या आठवड्यात तो झोपेत बडबडे.

त्या रविवारी तो फेरा राहिला.

सोमवारी मामांनी नेहमीप्रमाणे त्याच यंत्रात दवाखान्याच्या चादरी घातल्या. एकशे चाळीस. बाहेर निघाल्या त्या फिकट जांभळ्या. कुठे नुसती झाक, कुठे पसाभर डाग. मामा यंत्राच्या तोंडाशी ओली चादर हातात धरून उभेच राहिले. साठीला टेकलेला माणूस, शब्द मोजून खर्चणारा; अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक रुमाल वाया गेला नव्हता. बायका भोवती जमल्या. इस्त्रीवाली तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "अगं बाई! दवाखान्यातल्या रोग्यांना पक्षात घेतलं की काय?"

सगळ्या खो खो हसल्या.

घडीवाली हसली नाही. ती सोडाबाईची सगळ्यात जुनी सोबतीण. एका नळावर दोघींनी शेजारी शेजारी धुणी आपटली होती. ती चादर हातात घेऊन म्हणाली, "शनिवारी शेवटी हॉटेलचे जांभळे नॅपकिन होते ना? मामा, रिकामा फेरा लावलात ना?"

"लावला की," मामा म्हणाले. मग थांबले. चादरीकडे बघितलं. "लावलाच असेल."

त्या 'असेल'वर सोडाबाईने तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं तिने. पण तेवढ्यात फोन वाजला, ती फोनकडे वळली, आणि वळण्यात जो एक क्षण गेला तो गेलाच.

दुपारी दवाखान्याच्या भांडाराच्या मॅडम आल्या. बाई चष्म्याआडून बघणारी, आवाज न चढवता माणसाला चिरणारी. "आमच्याकडे माणसं आधीच घाबरलेली असतात. त्यांच्या अंगाखाली हे घालू?"

"चादरी मी नव्या देते, मॅडम."

"चादरींचं झालं. चूक कुणाची?"

मामाच पुढे झाले. "माझी. यंत्र माझ्याकडे असतं."

"मग यांच्या हातात यंत्र नको," मॅडम म्हणाल्या. "माणूस बदला, नाहीतर आम्ही जागा बदलतो."

दवाखाना गेला तर निम्मं दालन बसेल, हा हिशेब सोडाबाईच्या डोक्यात तिच्या नकळत होऊन गेला. ती म्हणाली, "मामा, थोडे दिवस तुम्ही निवडायच्या टेबलावर बसा. जरा विसावा होईल."

मामांनी मान हलवली. वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मामा निवडायला बसले. मळक्या कपड्यांची गाठोडी सोडायची, खुणेचा दोरा बघून ज्याचं त्याचं वेगळं करायचं, असं सोपं काम. पण दुसऱ्याच दिवशी ते शेजारणीला विचारू लागले, "हे गाठोडं मी आत्ता बघितलं ना?" ती म्हणायची, "बघितलंत की मामा." तरी ते पुन्हा सोडून बघत. खुणेचा दोरा डोळ्यांजवळ नेत, लांब नेत. चेष्टा करणाऱ्या बायका हळूहळू गप्प झाल्या.

बुधवारी सोडाबाईला राहवलं नाही. तिने त्यांना बाजूला घेतलं. "मामा, तुमची चूक नाही हो. मी नीट बघितलं. त्या यंत्राचं रबर खराब झालंय. रंग धरून ठेवतं ते."

मामांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात कृतज्ञता होती. तीच तिला सोसवली नाही. "रबर मागच्याच महिन्यात बदललंय, बाई. मीच बदललंय. तेवढं आठवतं मला." मग खाली बघत म्हणाले, "तुम्ही माझं मन राखताय. पण माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. आधी लहानसहान. मग एक दिवस स्वतःच्या दारात उभे राहून विचारत होते, हे घर कुणाचं म्हणून. परवा मी जावयाला माझ्या गेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. तेव्हाच कळायला हवं होतं."

"एखाद्या वेळी होतं तसं. माझं नाही होत?"

"यंत्रावर नाही व्हायचं, बाई. यंत्रावर माझं कधीच नाही व्हायचं."

गुरुवारी मामा आले नाहीत. शुक्रवारीही नाहीत. दुपारी घडीवाली सोडाबाईच्या खोलीत आली, दार लोटून घेतलं. दोघीच असल्या की ती 'बाई' म्हणत नसे.

"अगं, मामीला भेटले मी सकाळी. मामा घरात बसून असतात. कडी लावली का, गॅस बंद केला का, चार चार वेळा उठून बघतात. मामी म्हणतेय डॉक्टरकडे नेते. तर म्हणतात, नको, डॉक्टर नक्की तेच सांगेल."

सोडाबाई समोरच्या कागदांवर हात फिरवत राहिली.

"तू जाऊन ये," घडीवाली म्हणाली. "तुझं ऐकतील ते. आणि काय गं, तू का अशी वाळत चाललीयस? चादरी काय आधी बिघडल्या नाहीत आपल्या?"

"जाते," सोडाबाई म्हणाली.

गल्लीत तिने वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागे, अशी ती वाट. दारादारांत डबे, घागरी, तेलाचे रिकामे पत्रे रांगेने लावलेले होते. मामींच्या घरासमोरच्या नळाला करंगळीएवढी धार होती. तिच्याखाली घागर होती, आणि मामी शेजारी उकिडव्या बसून होत्या. घागरीवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "या बाई. आत आहेत. जरा थांबते, नाहीतर माझा नंबर जाईल."

आत मामा खाटेवर बसले होते. अंघोळ झालेली, कपडे इस्त्रीचे; कामावर निघालेला माणूस वाटावा तसे. मामी आल्या, त्यांनी आल्याआल्या पाणी दिलं. पेला काठोकाठ. सोडाबाईने तो हातात घेतला आणि ओठाला लावता येईना.

"मामा, डॉक्टरकडे जायचं नाही," ती म्हणाली.

"नाहीच जात."

"तसं नाही. तुम्ही काही विसरला नाहीत. शनिवारी रिकामा फेरा तुम्ही लावला होता."

मामा मंद हसले. "पुन्हा तेच? तुम्ही नव्हता तिथे, बाई."

"शनिवारी नव्हते. रविवारी होते."

मग तिने सांगितलं. एकदम नाही सांगता आलं. आधी झेंडे सांगितले, मग ते कुणाचे ते सांगितलं, मग भोंगा. पेला तिने तसाच खाली ठेवला.

मामा ऐकत होते. तिला वाटलं, ते आता चिडतील. पण त्यांनी विचारलं, "किती खेपा केल्या?"

"पाच."

"पाणी कढत?"

"मधलं."

"नवा रंग असेल. पाच खेपांनी रबरात बसणारच." ते उठले, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले, परत आले. "म्हणजे मी लावला होता. मला दिसत होतं, बाई. कॉक फिरवला, वाफ आली, इस्त्रीवाली म्हणाली मामा आज घरी जायचं नाही का, सगळं दिसत होतं. आणि तरी मला वाटत होतं, हे मागच्या शनिवारचं असेल." त्यांनी दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले आणि त्यांचे खांदे हलू लागले. हसतायत की रडतायत, सोडाबाईला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

मामी मात्र हलल्या नव्हत्या. "पाच दिवस," त्या म्हणाल्या. "पाच दिवस हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खचत होता. तुम्ही टेबलाशी बसून बघत होता."

"हो."

"आणि झेंडे फुकट धुतलेत? का?"

"देणगी म्हणून. दरवर्षी देते मी."

"कधीपासून?"

सोडाबाईने खोटं सांगायचं ठरवलं असतं तरी आता ते जमलं नसतं. "अकरा वर्षं. नळ आला तेव्हापासून."

मामींनी दाराबाहेर बघितलं. बाहेर दुसऱ्या कुणाची तरी घागर धारेखाली लागली होती. मग म्हणाल्या, "आणि आम्ही तुम्हाला दुवा देतो रोज संध्याकाळी."

"मामी, नळ मला मिळाला म्हणून तुमचा अडवला, असं नाही हो. मी तसं कधी मागितलं नाही."

"मागितलं नाहीत," मामी म्हणाल्या. "विचारलंही नाहीत."

मामा तिला पोचवायला दारापर्यंत आले. "मी येईन सोमवारी," ते म्हणाले. "यंत्रावरच येईन. पण त्याआधी तुम्ही सगळ्यांना सांगायचं. मला वेड लागलं असं ज्यांना वाटतंय, त्या सगळ्यांना. मॅडमनाही."

"दवाखाना गेला तर?"

"ते मला नका विचारू," मामा म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, पण त्यात जागा नव्हती.

सोमवारी तिने बॉयलर पेटायच्या आधी सगळ्यांना निवडायच्या टेबलाभोवती बोलावलं. मामा यंत्राशेजारी, जरा लांब उभे होते. तिने आदल्या दिवशी मनात बरंच काही जुळवलं होतं: उपकाराची जाण, धंद्याची गरज, तेवीस चुली. त्यातलं एकही तोंडी आलं नाही. ती म्हणाली, "चादरी मी बिघडवल्या. रविवारी येऊन पक्षाचे झेंडे धुतले, रिकामा फेरा लावायला विसरले, आणि मामांवर आलं ते येऊ दिलं. मॅडमना मी सकाळीच फोन केलाय. त्या विचार करून कळवणार आहेत. आणि दरवर्षी मी पक्षाला देणगी देते. आपला नळ त्यांनी दिला म्हणून."

कुणीही हसलं नाही. इस्त्रीवालीने सुद्धा आपली जीभ आवरली. ती मामांजवळ गेली आणि त्यांच्या बाहीला हात लावून परत आपल्या जागी आली. मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारख्या झाल्या. एकीने डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली, पिशवीत टाकला आणि दाराकडे चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही.

घडीवाली टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिने सगळ्यांसमोर, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, तिला एकेरीत हाक मारली.

"अगं, एवढंच सांग. यंदा देणार आहेस का?"

सोडाबाईने उत्तर शोधलं. नाही म्हटलं तर उद्या नळाची धार बारीक होईल, आणि मग हे दालन, ही वाफ, ही माणसं. हो म्हटलं तर मामींचा चेहरा. या दालनात तिला कुणी काही विचारलं आणि तिच्याकडे तयार उत्तर नाही, असं कधी झालं नव्हतं. डाग कशाने जातो, चादर किती वेळा चालते, पाळी कुणाची, सगळ्याला उत्तर असे.

"माहीत नाही," ती म्हणाली. "चिटणीस उद्या यायचाय."

"कधी?"

"अकराला."

घडीवालीने मान डोलावली. "मग मीही बसते तिथे. आणि मामीला बोलावते. गल्लीला पाणी का नाही, ते तिलाच त्याला विचारू दे."

पलीकडे मामांनी बॉयलर पेटवला होता, आणि बायका एकेक करून आपापल्या जागेकडे निघाल्या. सोडाबाईजवळून जाताना कुणी तिच्याकडे बघितलं, कुणी नाही.